विश्लेषण : गाडीचा फिटनेस आहे, चालकाच्या झोपेचे काय?

रामदासपेठेत रुग्णालये, हॉटेले आणि कार्यालयांची दाटी आहे. बहुतेकांच्या दारात एखाददुसरी गाडी उभी असतेच. कुठे रुग्णवाहिका, कुठे पाहुण्यांना विमानतळावरून आणणारी कार, कुठे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना घरी सोडणारी कॅब, तर कुठे औषधांची खोकी वाहणारा टेम्पो. यातले फार थोडे मालक स्वतःला वाहतूक व्यावसायिक समजतात. त्यामुळे विमा, पीयूसी आणि फिटनेस वेळेवर झाला की सुरक्षिततेचा विषय संपतो. चालक काल रात्री किती वाजता घरी पोहोचला, याची नोंद सहसा कोणत्याही फाइलमध्ये नसते.

अपघातानंतर चर्चा कशाची होते?

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले, परिवहन विभागाच्या पाहणीने ते नाकारले. बस दरवाजाच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडायची वाट बंद झाली आणि वाचलेले प्रवासी काच फोडून निघाले. पुढचे अनेक दिवस चर्चा चालक, टायर आणि रस्ता यांच्याभोवतीच फिरत राहिली. अशा बसचे वेळापत्रक कोण आखतो, चालकाची आधीची फेरी कधी संपलेली असते, हे प्रश्न मागे पडले.

सरकारी आकडेवारीचाही तोच कल आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर असे रकाने आहेत. झोपेचा रकाना नाही. अतिवेगाच्या खात्यात गेलेल्या किती अपघातांत चालकाची पापणी मिटली होती, हे त्यातून कधीच कळणार नाही.

कायदा काय सांगतो?

या बाबतीत कायदा जुनाच आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. लांब पल्ल्यासाठी ही मर्यादा दहा तासांपर्यंत वाढवण्याची सोय होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन ड्युट्यांमध्ये किमान नऊ तासांचे अंतर, हेही त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रम संहितेत विलीन झाला. दिवसाला आठ तासांचे तत्त्व कायम राहिले. मात्र जुना कायदा पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता, संहितेत हा आकडा दहा झाला. सहा-सात गाड्यांचा छोटा ट्रॅव्हल्सवाला, म्हणजे जिथे डबल ड्युटीची शक्यता सर्वात जास्त, तोच यातून निसटू शकतो. हा बदल चुकीच्या दिशेने झाला आहे.

दुसरी पळवाट कंत्राटाची. कार्यालय म्हणते, गाडी कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणतो, चालक फेरीवर पैसे घेतो, किती फेऱ्या मारायच्या हे त्याचे तो बघतो. फेरीमागे पैसे मिळत असतील तर चालक झोपेतलेच तास कापणार. नुकसानभरपाईच्या खटल्यात मात्र असे हात झटकणे गाडीमालकाला महाग पडते. चालकाकडे वैध परवाना नसल्याचे निघाले, तर विमा कंपनी पीडिताला दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

यंत्रे किती उपयोगी?

नागपूरने यात देशाच्या आधी पाऊल टाकले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीआरआरआय, महिंद्रा आणि महापालिका यांनी 'आयरास्ते' प्रकल्प सुरू केला. शहर बसच्या काचेवर कॅमेरा बसवला गेला. समोरच्या वाहनाशी अंतर फार कमी झाले किंवा पादचारी आडवा आला, की तो चालकाला आवाज देतो. अशा इशाऱ्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की पुढे 'ब्लॅक स्पॉट' होऊ शकणाऱ्या जागा अपघातांआधीच दिसू लागतात. खासगी ताफ्यांनी उचलावी अशी ही गोष्ट आहे. पण हा कॅमेरा समोरचा रस्ता पाहतो, ड्युटीचा तक्ता पाहत नाही. त्याच महिन्यात नितीन गडकरी यांनी व्यावसायिक ट्रकचालकांसाठी वैमानिकांसारखे ठरलेले तास आणि गाडीत झोप ओळखणारे सेन्सर असावेत, असे सुचवले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हा मात्र खरा दिलासा. मे महिन्यात ४५ अंशांत इंजिनाशेजारी बसून सावध राहायला सांगणे ही थट्टाच होती. अर्थात जुन्या ट्रकांच्या चालकांसाठी ती अजून चालूच आहे.

मालकाच्या हातात काय आहे?

व्यावसायिक वाहनाची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षे दोन वर्षांतून एकदा होते, नंतर दरवर्षी. मधल्या काळात टायरची झीज, ब्रेक, दिवे, अग्निशामक नळकांडे आणि काच फोडायची हातोडी पाहणे मालकाकडेच येते. गाडी निघण्यापूर्वीची दहा मिनिटे त्याला पुरतात. त्यासाठी एक वही हवी आणि त्याच वहीत चालकाची कालची ड्युटी सुटल्याची वेळ लिहायला हवी. नऊ तास झाले नसतील तर दुसरा चालक. आणि 'गाडीत काहीतरी आवाज येतोय' म्हणून फेरी नाकारणाऱ्या चालकाचा त्या दिवसाचा भत्ता कापायचा नाही.

सर्वात अवघड गोष्ट ग्राहकाला नाही म्हणण्याची. समृद्धी झाल्यापासून सकाळी निघून शिर्डीचे दर्शन आणि रात्री घरी, अशी मागणी सर्रास होते. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, जाऊन-येऊन १,०४०. ताशी १०० चा वेग कुठेही न मोडता गेले तरी साडेदहा तास नुसते स्टिअरिंगवर. रांगेत थांबणे, जेवण, शहरातली वाहतूक वेगळी. म्हणजे लांब पल्ल्याची दहा तासांची मर्यादाही मोडली. अशा बुकिंगच्या दरपत्रकात एक तर दुसऱ्या चालकाचे पैसे असायला हवेत, नाही तर शिर्डीतल्या एका मुक्कामाचे.