नगरपरिषद कलादालनाच्या गळक्या छताबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय.

विषय : कलादालनाच्या छताची गळती येत्या पावसाळ्यापूर्वी कायमची थांबवण्याबाबत व इतर मागण्यांबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमचे यापूर्वीचे अर्ज व स्मरणपत्रे, आणि आपल्या कार्यालयाकडून वेळोवेळी मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

कलादालनात प्रदर्शने भरवणारे चित्रकार व शिल्पकार, तालुक्यातील कलाशिक्षक आणि नियमाने येणारे रसिक नागरिक यांच्या वतीने हे निवेदन सादर करीत आहोत. विषय नवा नाही. आमचे आधीचे अर्ज बांधकाम विभागात असतीलच; नसल्यास आवक क्रमांकाच्या पोचपावत्या आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत.

आधी चांगले सांगतो. सरत्या वर्षात दालन कधी नव्हे इतके गजबजलेले होते. उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी लिनोकटचे शिबिर झाले, गणपतीआधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा झाली. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेवर सचित्र व्याख्यान ठेवले, त्याला खुर्च्या कमी पडल्या आणि लोक जिन्यावर बसले. थंडीत व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक झाले. बाजारपेठेतले एक हमालकाका समोर बसले होते आणि त्यांचे अर्धे सहकारी काम टाकून पाहायला आले. औंधला सहल नेली. पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधरांची मूळ चित्रे मुलांनी हाताच्या अंतरावरून पाहिली. वर्षभर सर्वांत उपयोगी ठरले ते मात्र रविवारचे सराव वर्ग. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी जी मुले त्यांना येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत कलाशिक्षकाची जागा रिकामी आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र शिकवणारे दुसरे कोणी नाही म्हणून ती एसटीने येतात, डबा खाऊन दुपारपर्यंत बसतात. रेखाकला परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे पालकांनाही आता कळू लागले आहे.

पूर्वी दालनाच्या तारखा मागेल त्याला मिळत. आता पुढच्या हिवाळ्याच्या तारखांसाठी प्रतीक्षायादी आहे. हे सारे सभासदांच्या वर्गणीतून चालते. नगरपरिषदेने जागा, वीज आणि एक शिपाई दिला, त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. वार्षिक अहवालात हे सर्व उपक्रम नगरपरिषदेच्या नावावर छापले गेले, त्यालाही आमची हरकत नाही. हरकत एवढीच की त्याच अहवालात ‘कलादालनाची दुरुस्ती पूर्ण’ असेही छापले आहे.

महोदय, दुरुस्ती झालेली नाही. रंगकाम झाले आहे. ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारून ठेकेदाराचे देयक निघाले. पहिल्या पावसात त्या रंगाला फोड आले आणि श्रावण संपेपर्यंत पापुद्रे जमिनीवर पडले. त्याच्या आदल्या वर्षीही हेच झाले होते.

गळतीचे कारण गूढ नाही. कार्यालयासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवली तेव्हा त्यांचे सांगाडे थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून पक्के केले. त्या छिद्रांभोवतीचा जुना कोबा फुटला. गच्चीचा उतार ज्या कोपऱ्याकडे आहे तिथल्या पाइपच्या तोंडाला जाळी नाही. पिंपळाची पाने अडकतात, पाणी तुंबते आणि बोल्टच्या कडेने खाली झिरपते. ते उतरते उत्तरेच्या खिडक्यांसमोरच्या भिंतीत. दालनातली हीच भिंत चांगल्या उजेडाची, म्हणून मुख्य चित्रे नेहमी तिथेच लागतात. कनिष्ठ अभियंत्यांनी गच्चीवर येऊन हे पाहिले, मान्य केले, ‘मेअखेर करून टाकू’ म्हणाले. तो मे गेला. मग आचारसंहिता आली. प्रशासकांच्या काळात ‘सभागृह येऊ द्या’ असे उत्तर मिळाले, सभागृह आल्यावर ‘नव्या अंदाजपत्रकात धरू’ असे. अंदाजपत्रकात ‘कलादालन सुशोभीकरण’ असे शीर्षक आले आणि त्यातून प्रवेशद्वाराशी ग्रॅनाइट बसले. आत बादल्या होत्या त्याच आहेत.

गेल्या जुलैमध्ये जे घडले ते आपल्या कानावर नीट घातले गेले नसावे, असे आम्ही समजतो. अन्यथा एव्हाना काही उत्तर आले असते. या गावातल्या तीन पिढ्यांना चित्रकला शिकवलेल्या एका दिवंगत ड्रॉइंग मास्तरांच्या जलरंगांचे प्रदर्शन लावले होते. गावचे जुने रूप त्या चित्रांत आहे : धरणाआधीचा नदीघाट, कौलारू बाजारपेठ, बैलबाजार. यातल्या बहुतेक जागा आता उरलेल्या नाहीत आणि त्यांची रंगीत छायाचित्रेही कुणाकडे नाहीत. घरच्यांनी कपाटातून काढून, विश्वासाने चित्रे दिली. प्रदर्शन खरे तर एप्रिलमध्ये व्हायचे होते. ते जुलैवर गेले, कारण एप्रिलच्या तारखा आपल्या कार्यालयाने ऐन वेळी एका साडी सेलला दिल्या.

शुक्रवारी रात्री पाऊस झाला. शनिवारी सकाळी दार उघडले तेव्हा भिंतीवरून पाणी चौकटींच्या मागे उतरलेले होते. माउंट फुगले होते, कागद लहरला होता, आणि काही चित्रांचा रंग वाहून काचेला चिकटला होता. चित्रे तत्काळ उतरवून, चौकटी सोडवून, टीपकागदावर सपाट वाळत घातली असती तर बरीचशी वाचली असती. हे आम्हाला ठाऊक होते आणि हातही तयार होते. पण ‘पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, नाहीतर नुकसानीची नोंद होणार नाही’ असा निरोप कार्यालयातून आला. शनिवार गेला. रविवारी कुणी येणे शक्य नव्हते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी होती. मंगळवारी दुपारी आम्ही कुणाची वाट न पाहता चित्रे उतरवली, तोवर कागदावर बुरशीचे ठिपके धरले होते. बुधवारी पंचनाम्यासाठी कर्मचारी आले आणि चित्रे जागेवर नाहीत म्हणून पंचनामा न करता परत गेले.

कागदावरच्या चित्रांना हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास लागते. ती ७० च्या वर टिकून राहिली की बुरशी धरते आणि जलरंगावर एकदा उमटलेला ठिपका मूळ रंग न दुखावता निघत नाही. घाटाच्या चित्रातले आकाश आता ठिपक्यांचे आहे. मास्तरांच्या घरच्यांनी आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यांनी चित्रे टेम्पोत भरून परत नेली. त्यानंतर आणखी दोन संग्राहकांनी दिलेला होकार मागे घेतला. नुकसानभरपाईच्या अर्जाला ‘पंचनामा जोडावा’ असे उत्तर आले आहे.

नगरपालिकांना चित्रांची निगा जमत नाही, असे कुणी म्हणू नये. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचेच. तेही मोडकळीला आले होते. २००३ मध्ये भागीदारीतून जीर्णोद्धार हाती घेतला, २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा उघडले. आम्ही पुरस्कार मागत नाही. छत मागतो आहोत.

म्हणून मुख्य मागणी अशी : सौर पॅनेलचे सांगाडे स्लॅबमधून काढून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवावेत. फुटलेला कोबा पूर्ण उखडून योग्य उतारासह नवा जलरोधक कोबा करावा आणि पाइपांना जाळ्या लावाव्यात. काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्यावी, ती आमच्या दोन प्रतिनिधींसमोर घ्यावी, आणि त्यानंतरच देयक द्यावे. भिंत पुरती वाळल्याखेरीज रंगाचा डबा उघडू नये. खर्च ‘सुशोभीकरण’ या शीर्षकाखाली न टाकता गळतीदुरुस्ती म्हणूनच दाखवावा. जुलैच्या नुकसानीची चौकशी आमच्याकडील छायाचित्रांच्या आधारे करून मास्तरांच्या कुटुंबीयांना भरपाई द्यावी आणि नगरपरिषदेच्या वतीने कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन यावे.

याखेरीज दालन सेलसाठी देणे बंद करावे. ट्यूबलाइट काढून चित्रांसाठी योग्य दिवे बसवावेत. व्हीलचेअरसाठी उतार व महिलांसाठी स्वच्छतागृह करावे. दालन सायंकाळी आठपर्यंत उघडे राहावे. पाच वाजता नोकरदार माणूस चित्रे पाहायला कसा येणार, याचा विचार वेळ ठरवताना झालेला दिसत नाही.

नियम, अधिकार आणि निधी कुठून काढायचा हे आपणांस आम्ही सांगण्याची गरज नाही. अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. तोंडी उत्तर आता आम्हाला नको. लेखी उत्तर न आल्यास पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांच्या खराब झालेल्या चित्रांचे प्रदर्शन आम्ही नगरपरिषद कार्यालयाच्या व्हरांड्यात भरवू. घरच्यांनी त्यासाठी चित्रे देण्याचे कबूल केले आहे. व्हरांड्याच्या परवानगीचा अर्ज सोबत जोडला आहे.

आपले विश्वासू,
कलादालनातील प्रदर्शनकर्ते कलावंत, कलाशिक्षक व रसिक नागरिक

सोबत : सह्यांची यादी, पोचपावत्यांच्या प्रती, नुकसानीची छायाचित्रे, परवानगीचा अर्ज.
प्रत माहितीसाठी : मा. नगराध्यक्ष, मा. जिल्हाधिकारी.