वजन उतरवायचं की वरच्या गटात जायचं? बॉक्सरसमोरचा पेच नेमका काय आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला झालेल्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत भारताच्या मीनाक्षी हुडानं ४८ किलो वजनी गटात सुवर्णपदक जिंकलं. अंतिम फेरीत तिनं हरवलं ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या कझाकस्तानच्या नाझिम कायझायबेला.

पण या विजयाला एक अडचण चिकटलेली आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४८ किलोचा गटच नाही. तिथे महिलांचा सर्वांत खालचा गट ५१ किलोचा आहे. म्हणजे ऑलिंपिक खेळायचं असेल, तर जगज्जेत्या मीनाक्षीला वरच्या गटात जावं लागेल. तिथे दोनदा जगज्जेती ठरलेली निखत झरीन आधीच आहे आणि ऑलिंपिकमध्ये एका गटात एका देशाचा एकच खेळाडू उतरतो.

मीनाक्षीपुढचा हा प्रश्न जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक मुलामुलीपुढेही असतो: आपला गट कोणता?

गट का बदलले?

ऑलिंपिक बॉक्सिंगची सूत्रं आता 'वर्ल्ड बॉक्सिंग' या नव्या जागतिक संघटनेकडे आहेत. या संघटनेनं २०२५ पासून पुरुष आणि महिलांसाठी प्रत्येकी दहा गट ठरवले. पुरुषांचे गट ५०, ५५, ६०, ६५ असे पाच-पाच किलोंच्या अंतरानं ९० पर्यंत जातात आणि शेवटचा ९० किलोंवरील. महिलांचे गट ४८, ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० आणि ८० किलोंवरील.

ऑलिंपिकमध्ये मात्र दोन्ही बाजूंना प्रत्येकी सातच गट असतील.

कागदावर हा बदल किरकोळ वाटतो. पण एरवी ५८ किलो भरणाऱ्या मुलाचा विचार करा. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ५७ किलोचा गट होता, म्हणजे त्याला एकच किलो उतरवावा लागला असता. आता त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. ५५ मध्ये जायचं तर तीन किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरवायचं. ६० मध्ये जायचं तर कदाचित ६२ किलोंवरून खाली आलेल्या, अंगानं भरलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी लढायचं.

खालच्या गटाचा मोह का होतो?

पहिलं कारण उंची आणि हातांची लांबी. खालच्या गटात गेलं की समोरचा साधारणपणे बुटका मिळतो आणि लांबून ठोसे मारता येतात.

दुसरं कारण रिंगबाहेरचं आहे. संघात प्रत्येक गटाची जागा एकच असते. आपल्या गटात आधीच तगडा खेळाडू असेल आणि खालची जागा रिकामी असेल, तर 'दोन किलो उतरव, तुझी निवड पक्की' असा सल्ला मिळतो. पदकावर पुढे रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलातली नोकरी अवलंबून असते. त्यामुळे असा सल्ला नाकारणं सोपं नसतं.

हौशी बॉक्सिंगमध्ये हे जास्त अवघड का?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन साधारणपणे लढतीच्या आदल्या दिवशी होतं. त्यानंतर खाऊन-पिऊन अंग भरून काढायला जवळपास एक दिवस मिळतो. हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होतं आणि काही तासांत रिंगमध्ये उतरावं लागतं.

शिवाय ते एकदाच होत नाही. स्पर्धा बाद पद्धतीची असते. जितक्या दिवशी लढत, तितक्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. पहिल्या फेरीनंतर पोटभर जेवून वाढलेलं वजन पुढच्या लढतीआधी पुन्हा उतरवावं लागतं. जो जिंकत जातो, त्याचीच ही कसरत लांबत जाते.

याची किंमत काय असू शकते, हे कुस्तीत सगळ्या देशानं पाहिलं. ५३ किलोत जागतिक पदकं मिळवलेली विनेश फोगाट पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात उतरली. पहिल्या दिवशी तिचं वजन बसलं आणि ती अंतिम फेरीतही पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली.

झटपट उतरतं ते काय असतं?

दोन-तीन दिवसांत कमी झालेलं वजन मुख्यतः पाणी असतं, चरबी नव्हे. स्नायूंमध्ये ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. जेवण तोडलं की हा साठा आणि पाणी दोन्ही जातं. काट्यावर आकडा खाली येतो, पण तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांसाठी लागणारं इंधनही संपलेलं असतं.

हे जिवावरही बेतू शकतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवण्याच्या प्रयत्नात महाविद्यालयीन कुस्तीतल्या तीन तरुणांचा काही आठवड्यांत मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलले. शरीरात पुरेसं पाणी असताना खेळाडूचं किमान वजन ठरवलं जाऊ लागलं आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन कमी करण्यावर बंदी आली. या हिशेबानं ५८ किलोंच्या मुलाला ५५ वर यायला जवळपास चार आठवडे लागतील.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा मार्गही बंद आहे. त्या उत्तेजकविरोधी नियमांनुसार प्रतिबंधित यादीत आहेत.

गट बदलणाऱ्यांचं काय झालं?

मेरी कोमनं आपली विश्वविजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोंत मिळवली. लंडन २०१२ मध्ये महिलांचा सर्वांत खालचा गट ५१ किलोचा होता. ती वर गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. लवलीना बोरगोहेननं टोकियोत ६९ किलोत कांस्य जिंकलं. पॅरिसला तो गट नव्हता, म्हणून ती ७५ किलोत गेली आणि २०२३ मध्ये त्या गटात जगज्जेती झाली.

जास्मिन लंबोरिया उलट दिशेनं गेली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला ६० किलोत कांस्य मिळालं होतं. पॅरिसमध्ये ती ५७ किलोत पहिल्याच लढतीत हरली. पुढच्या वर्षी लिव्हरपूलमध्ये त्याच गटात तिनं जागतिक सुवर्ण जिंकलं.

म्हणजे वर जाणं हा पराभव नाही आणि खाली जाणं ही प्रत्येक वेळी चूक नाही. नव्या गटात शरीर रुळायला वेळ मिळाला का, यावर बरंच काही ठरतं.

याउलट २०१८ मध्ये पोलंडमधल्या स्पर्धेआधी मेरी कोमनं सुमारे चार तासांत दोन किलो उतरवून ४८ किलोचं सुवर्ण जिंकल्याची गोष्ट अनेक आखाड्यांत अभिमानानं सांगितली जाते. पण ती जगातल्या सर्वांत अनुभवी बॉक्सरची गोष्ट आहे. नवख्यानं तिची नक्कल करू नये.

मग गट कसा ठरवायचा?

सुरुवात वहीपासून होते. दोन-तीन आठवडे रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्याआधी वजन लिहून ठेवायचं. नेहमीसारखा सराव आणि जेवण चालू असताना जो आकडा पुन्हा पुन्हा येतो, तो आपला खरा आकडा.

त्यानंतर एक प्रश्न विचारायचा: स्पर्धा आठवडाभर चालली, तर रोज सकाळी पोटात थोडं अन्न-पाणी ठेवूनही हे वजन बसेल का? उत्तर 'नाही' असेल, तर तो गट आपला नाही.

वाढत्या वयातल्या मुलांनी खालच्या गटासाठी उपाशी राहणं सर्वांत धोक्याचं. त्यांच्या अंगाला त्या अन्नाची गरज असते आणि सहा महिन्यांत तो गट तसाही मागे पडतो. मुलींमध्ये कमी आहार आणि जास्त सराव यामुळे पाळी थांबली, तर ती 'सरावाची सवय' समजू नये. हाडं कमकुवत होण्याचा तो इशारा असतो आणि डॉक्टरांना दाखवणं गरजेचं असतं.

मीनाक्षीला ५१ किलोत जायचं असेल, तर तीन किलो नुसते खाऊन वाढवून भागणार नाही. ते ठोशात आणि पायांत यायला हवेत आणि वेग टिकायला हवा. लिव्हरपूल ते लॉस एंजेलिस हे अंतर जवळपास तीन वर्षांचं आहे. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री अंगावर जाड कपडे चढवून दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलाला तेवढा वेळ मिळत नाही. त्यासाठी त्याचा गट हंगाम सुरू होतानाच ठरायला हवा.