मांडीवरचं सूप



एडेल मायर्स यांची ‘द टोबॅको वाइव्ज’ ही २०२२ची कादंबरी नुकतीच वाचली. काळ १९४६, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना. सिगारेट कंपनीच्या साहेबांच्या बायकांचे कपडे शिवणारी पंधरा वर्षांची मॅडी. (कपड्यांची वर्णनं अंमळ जास्तच!) तंबाखूने बायांना होणारा अपाय दडवला जातोय, हे तिला एका पत्रातून कळतं. पण सारं गावच तंबाखूवर जगतं, बोलायचं कसं?

मला सोलापूरचं आमचं अंगण आठवलं. आईशेजारी विड्या वळायला शिकले तेव्हा मी दहा वर्षांची होते. १९६६च्या कायद्याने विडी कारखान्यात मुलांना मनाई होती. काम मात्र घरात आलेलं. गरोदरपणातही आईच्या मांडीवर तंबाखूचं सूप असे. तिची चक्कर, मळमळ आम्ही दिवस गेल्यावर ढकलली. सुपाकडे कुणी बोट दाखवलं नाही.