गरम जॉबचे माप



गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. विहारातून वंदना आटोपून निघत होते. मुकुंदवाडीच्या एक मावशी दारातच थांबल्या होत्या. मागे त्यांचा मुलगा, मान खाली घालून. मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "ताई, एवढं वाचून सांगा. माझं लेकरू मतिमंद हाय असं लिव्हलंय का यात?"

होय, तसेच लिहिले होते. बुद्ध्यांक ६४, आणि खाली 'सौम्य मतिमंदत्व'.

मुलगा आयटीआयला टर्नर ट्रेडला होता. दहावी पहिल्याच वेळी पास झालेला. दुसऱ्या वर्षी त्याची झोप उडाली. शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात, भिंतीतून आवाज येतात, असे तो बोलू लागला. आधी अंगारे-धुपारे झाले, मग एका खाजगी दवाखान्यात दाखल केले. निदान झाले स्किझोफ्रेनिया. दाखल केल्यावर चौथ्या दिवशी ही परीक्षा घेतलेली होती. तो कागद घरी आला आणि मामा म्हणाले, "आता ट्रेड कशाला? नाव काढून घ्या." नाव काढले. दोन वर्षे पोरगा घरात बसून. कोणतेही काम हातात घेतले की, "राहू दे, तुला नाही जमायचं." धाकट्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या कानावरही ते गेले आणि पाहुणे परत फिरले.

मी मावशींना विचारले, त्या दिवशी त्याची तब्येत कशी होती? "कशी असणार माय? तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सुई दिलेली. बसल्या बसल्या पेंगत होता. विचारणारी बाई हिंदी-इंग्रजीत बोलत होती."

तेव्हा इतका वेळ गप्प असलेला मुलगा म्हणाला, "ताई, लेथवरून काढलेला जॉब गरम असला तर फायनल माप घ्यायचं नसतं. थंड होऊ द्यायचा. गरम जॉब फुगलेला असतो, माप चुकतं."

बंधू-भगिनींनो, आजच्या लेखात मला जे सांगायचे आहे ते त्या मुलाने एका वाक्यात सांगून टाकले. तरी सविस्तर पाहू, कारण असे कागद आपल्या वस्तीत बऱ्याच घरांत असतील.

बुद्ध्यांकाची परीक्षा आली कुठून? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमॉन यांनी ती तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी, हा हेतू. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारा आकडा असे बिने मानत नव्हते. आपल्याकडे १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात ती परीक्षा कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. 'बिने-कामत' या नावाने ती आजही दवाखान्यांत वापरली जाते. पुढे १९५५ मध्ये डॉ. सी. एम. भाटिया यांनी ठोकळे, आकृत्या, चित्रे जुळवण्याची परीक्षा तयार केली आणि तिच्यात निरक्षरांचाही विचार केला.

आकडा काढतात तो इतरांशी तुलना करून. त्या वयाच्या लोकांची सरासरी १०० धरतात. शंभरातले सुमारे ६८ जण ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. म्हणून पहिला प्रश्न असा, की तुलना कोणाशी केली? १९३० च्या दशकात आपल्या किती घरांतली मुले शाळेत होती? परीक्षेत शब्द, हिशेब, सामान्य माहिती विचारतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकते आहे, त्याचा आकडा त्याच्या डोक्याइतकाच त्याच्या वाट्याला आलेल्या शाळेबद्दलही बोलतो.

आता आजाराकडे वळू. १८९० च्या दशकात जर्मन डॉक्टर क्रेपेलिन यांनी या आजाराला जे नाव दिले त्याचा अर्थच 'अकाली बुद्धिनाश' असा होतो. १९०८ साली स्वित्झर्लंडचे ब्लॉयलर यांनी ते नाव नाकारले. प्रत्येकाची बुद्धी नासतेच असे नाही, हे त्यांनी रुग्णांमध्ये पाहिले होते. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द त्यांचाच. अमेरिकेचे गणिती जॉन नॅश यांना हाच आजार होता आणि १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र मी खोटा दिलासा देणार नाही. या आजारात लक्ष टिकत नाही, ऐकलेले लगेच निसटते, हात आणि विचार दोन्हींचा वेग मंदावतो. अनेकांचा बुद्ध्यांक सरासरीने काही अंकांनी खाली असतो, काहींचा आजार दिसण्यापूर्वीपासूनच. पण सगळीकडे सारखे नुकसान होत नाही. चिन्हांच्या जोड्या घड्याळ लावून भराभर भरायच्या परीक्षेत हे रुग्ण सर्वांत मागे पडतात. शब्दांचे अर्थ सांगण्यात त्या मानाने कमी. सगळ्याची बेरीज करून एकच आकडा लिहिला, की हा फरक झाकला जातो.

त्यात औषधांची भर. काही गोळ्यांनी झोप येते, हात जड होतात. हातापायांचा कंप थांबवण्यासाठी जी गोळी देतात, तिने स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून गोळी बंद करायची का? मुळीच नाही. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली तर आजार उलटतो. फक्त परीक्षेच्या वेळी कोणती गोळी किती चालू होती, हे अहवालात लिहिलेले हवे.

आजारापूर्वी बुद्धी कशी होती हे शोधायला इंग्लंडमध्ये एक युक्ती वापरतात. हेझल नेल्सन यांनी १९८२ साली ५० इंग्रजी शब्दांची यादी छापली. शब्द असे, की स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही. डी-ई-बी-टी लिहायचे आणि 'डेट' म्हणायचे. हा उच्चार ज्याने आधी शिकला, तो आजारातही बहुधा टिकतो. आपल्या मराठीत ही युक्ती चालत नाही. देवनागरी जशी लिहिली तशी वाचता येते. कधी न ऐकलेला शब्दही चौथीचे पोर धडाधड वाचते. मग आपल्याकडे पुरावा कोणता? शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आयटीआयची जर्नल, मालकाने कोणते काम सोपवले होते ते, आणि आईची आठवण. परीक्षेला जाताना हे सगळे सोबत न्या. त्या मावशींच्या मुलाची पहिल्या वर्षाची जर्नल ट्रंकेत होती. ती कोणी मागितलीच नव्हती.

सर्वांत महत्त्वाचे सांगते. मतिमंदत्व, ज्याला कायद्यात आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात, ते लहानपणापासून असावे लागते; शिवाय रोजच्या व्यवहारातही दिसावे लागते. दहावी पास होऊन एकोणिसाव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलावर केवळ एका आकड्यावरून तो शिक्का बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मानसिक आजाराचे प्रमाणपत्र 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर मिळते. तीत स्वतःची काळजी, लोकांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम, या चार गोष्टी व आजाराची वर्षे पाहतात. बुद्ध्यांक मोजत नाहीत. सवलतींसाठी ४० टक्के लागतात. चुकीचा शिक्का घेऊन गेलात तर चुकीच्या रांगेत उभे राहाल.

म्हणून माता-भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. आजार जोरात असताना घेतलेला आकडा कायमचा धरू नका. काही महिने तब्येत स्थिर राहिल्यावर परीक्षा घ्या. ती मुलाच्या बोलीत घ्यायला सांगा. घेणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, ते विचारा. मुलगा जेवलेला, झोपलेला असू द्या. थकला तर दोन दिवसांत विभागून घेता येते. तीच परीक्षा लगेच पुन्हा घेऊ नका, सरावाने आकडा फुगतो. ८० लिहिले असेल तर ते ७५ ते ८५ असे वाचा; चांगल्या परीक्षेतही तेवढा फरक राहतोच. आणि कागद मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची मूलभूत कागदपत्रे मिळण्याचा हक्क दिला आहे. खाजगी परवडत नसेल तर आपल्या घाटीच्या मानसोपचार विभागात विचारा. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत.

त्या मुलाची परीक्षा दिवाळीनंतर एका सरकारी दवाखान्यात पुन्हा झाली. मराठीत, दोन सकाळी. आकडा आला ८४. शब्द आणि समज चारचौघांसारखी, वेगाच्या कामात मात्र तो बराच मागे. डॉक्टरांनी तसेच वेगवेगळे लिहून दिले. तो वेग पूर्ण परत येईल असे कोणी म्हटलेले नाही. पण एका ओळखीच्या वर्कशॉपमालकाला ते वाचून दाखवले. आता मुलगा सकाळचे चार तास तयार जॉब मापून वेगळे काढायचे काम करतो. घाई नाही, पण चूक चालत नाही, असे ते काम.

परवा मावशी भेटल्या. जुना कागद काय केला, मी विचारले. म्हणाल्या, "ठिवलाय ताई. नव्याच्या खाली. मामा आले की दोन्ही दाखविते."

आपली,
ताई