कागदी पाहुणा

घरी पाहुणा येणार म्हटले, की चहासाखर आहे की नाही ते पाहावे लागते. मी ज्या पाहुण्याविषयी सांगणार आहे, तो काही खातही नाही आणि पीतही नाही. तो पुठ्ठ्याचा, वीतभर उंचीचा, रंगवलेला मुलगा असतो. एका शाळेतील मुले त्याला लिफाफ्यात घालून दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवतात. तेथील मुले त्याला पाळीपाळीने घरी नेतात. त्याने दिवसभर काय पाहिले, ते वहीत लिहितात आणि वहीसह त्याला परत पाठवतात.

या पाहुण्याचा जन्म पुस्तकातला. जेफ ब्राऊन या अमेरिकन लेखकाने 1964 साली एक गोष्ट लिहिली. तीत अंगावर सूचनाफलक पडून स्टॅन्ली नावाचा मुलगा चपटा होतो. प्रवासाचे भाडे फार, म्हणून आईवडील त्याला पाकिटात घालून टपालाने पाठवतात! 1995 साली डेल ह्यूबर्ट या शिक्षकांनी या गोष्टीवरून शाळांसाठी उपक्रम सुरू केला. ते कॅनडातील लंडन या शहरात शिकवत. (होय, कॅनडातही एक लंडन आहे.)

आमच्या पिंपळगाव बसवंतच्या शाळेत असा पाहुणा आला, तेव्हा एक पालक मला म्हणाले, "सर, शनिवारी आम्हांला घडीभर फुरसत नसते. या कागदाला कुठे फिरवायचे?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सप्टेंबर महिना म्हणजे आमच्याकडे टोमॅटोचा हंगाम. पण पाहुण्याला फिरवायलाच हवे, असे कोणी सांगितले? माझ्या मते, त्याला कामाच्या गर्दीतच ठेवावे.

काही मुले वहीत गेटवे ऑफ इंडिया लिहितात, कोणी ताजमहाल लिहितो. तेथे ती गेलेली नसतात. कोणाकोणाची वही तर मोठा भाऊच लिहून देतो. मला हे खटकते. खोटे लिहिले, एवढेच त्याचे कारण नाही. आपल्या घरात दाखवण्यासारखे काहीच नाही, असे त्या मुलाला वाटते, याचे मला जास्त वाईट वाटते.

आठवीतल्या एका मुलीने मात्र आपला शनिवार जसा गेला तसा लिहिला. सकाळची शाळा सुटल्यावर पाहुणा दप्तरातून घरी गेला. दादीने चष्मा लावून विचारले, "हा कोणाचा मुलगा?" अम्मीला संध्याकाळपर्यंत दोन ड्रेस शिवून द्यायचे होते, म्हणून पाहुणा शिलाई मशीनला टेकून उभा राहिला. दुपारी तो अब्बांच्या टेम्पोत बसला. शेतातून भरलेले क्रेट बाजार समितीत न्यायचे होते. एका क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो. लिलाव, ओरडा, हमालांची धावपळ हे सगळे त्याने खिशातून डोके काढून पाहिले. तेवढ्यात एक पिकलेला टोमॅटो फुटला आणि त्याच्या सदऱ्यावर डाग पडला.

मुलगी घाबरली. नवा पाहुणा करून देते म्हणाली. मी म्हटले, डाग राहू दे. तो कसा पडला तेवढे लिही.

मराठीत लिहायचे म्हणून तिला आधी भीती वाटत होती. पण बाजाराचे निम्मे शब्द तिला घरूनच येत होते. हमाल आणि दलाल हे शब्द अरबीतून उर्दूतही आले आणि मराठीतही. आपण उर्दूत ज्याला नीलाम म्हणतो, तोच मराठीतला लिलाव. हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. अडले ते क्रियापदांपाशी. तेथे तिने दोनतीनदा खोडले, आणि ती खाडाखोड मी तशीच ठेवली.

पाहुणा कोकणातल्या आपल्या शाळेत परतला. महिन्याभराने तेथील मुलांचे पत्र आले. ताजमहालाविषयी त्यांनी एक अक्षरही विचारले नव्हते. डागाची हकिकत त्यांनी वर्गात मोठ्याने वाचली होती. त्यांचा प्रश्न होता : तुमच्याकडचे टोमॅटो गाडीत भरताना अर्धे हिरवे का असतात?

मुलगी अब्बांकडे गेली. माल परराज्यांत पोहोचायला दोनतीन दिवस लागतात. लाल झालेला टोमॅटो वाटेतच मऊ पडतो, अर्धा कच्चा मात्र वाटेत पिकतो, असे ते म्हणाले. मग टेम्पोत माल कसा रचतात, तेही त्यांनी सांगितले. उत्तराला दोन पाने लागली.