वारसा केवळ मंदिरांचा नव्हे

परभणी : मराठवाड्याच्या या भागात पुरातत्त्वाचा विषय निघाला, की चर्चा चारठाण्याच्या मंदिरांपासून सुरू होते आणि नेमगिरीच्या जैन लेण्यांपाशी थांबते. हा वारसा मोलाचा आहेच. परंतु गावकुसाबाहेर राहिलेल्यांच्या वस्त्याही वारसा आहेत, हे त्यात विसरले जाते. शेजारच्या जालन्याजवळील 'बेथेल' हे त्याचे उदाहरण होय.

१९८१ मध्ये परभणीचा परतूर तालुका ज्या जालना जिल्ह्याला जोडला गेला, त्याच जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात ही मिशन वसाहत उभी राहिली. संस्थापक होते रेव्हरंड नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचे बंधू श्रीपत यांच्या शुद्धीवरून वादळ उठले होते आणि बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या पाठीशी उभे राहिले होते. पुढे फ्री चर्चच्या कार्यासाठी शेषाद्री जालन्यास आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी मुख्यतः मांग समाजातील ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसविले.

या प्रयोगाची माहिती प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या लिखाणातून मिळते. ते देणगीदारांसाठीही लिहिले जात असल्याने त्यात यशाची बाजू ठळक असते. रहिवाशांचा स्वतःचा शब्द दुर्मीळ आहे. 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेला मुक्ता साळवे यांचा निबंध हा त्या काळातील अपवाद. म्हणूनच घरांची जोती, विहिरी, चुली व फुटकी भांडी यांची साक्ष महत्त्वाची ठरते. पाणवठा एकच होता काय, घरांच्या रांगा मिशनच्या शिस्तीने आखल्या की जुन्या नात्यागोत्याने, याची उत्तरे अहवालांपेक्षा जमिनीत सापडण्याची शक्यता अधिक.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १८५९ मध्ये स्थापन झालेल्या एबेनेझर मिशनचा असा पुरातत्त्वीय अभ्यास झाला आहे. तेथील रहिवासी आदिवासी होते, येथील अस्पृश्य मानले गेलेले; दोन्हींचा इतिहास सारखा नव्हे. मात्र आश्रय आणि नियंत्रण एकाच कुंपणात कसे नांदतात, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

१९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्याची शंभर वर्षांची अट अशा वसाहती केव्हाच ओलांडून गेल्या आहेत. उत्खननाची घाई नको. दफनभूमीला तर हात लागताच कामा नये. मराठवाड्यातील विद्यापीठांनी रहिवाशांच्या संमतीने आधी नकाशे, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवाव्यात. नव्या बांधकामाखाली जोती गेली, तर मिशनऱ्यांच्या अहवालांशी ताडून पाहण्यास काहीच उरणार नाही.