देणगी संपते, अपंगत्व नाही

घोडपदेवच्या चाळीतील माता अपंग मुलाला कडेवर घेऊन हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जाते, तेव्हा तिचा दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणूनच 1978 च्या आल्मा-आटा परिषदेनंतर ही सेवा वस्तीतच नेण्याचा विचार पुढे आला. परंतु बाहेरच्या देणगीवर उभे राहिलेले काम देणगीबरोबरच आटते. मग 'लोकसहभागा'चा घोष सुरू होतो. अर्थात वस्तीतील स्त्रियांनी फुकट राबावे! गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एखादी चाकाची खुर्ची येईलही. रोज व्यायाम करवून घेणाऱ्या कार्यकर्तीचा पगार निघणार नाही. 2016 च्या कायद्याचे कलम 27 ही जबाबदारी स्थानिक संस्थांवरही टाकते, मात्र आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. 2025-26 साठी 74,427 कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या मुंबई महापालिकेने कुवतीची सबब सांगावी काय? देणगी चालू असतानाच हा पगार तिच्या अंदाजपत्रकात घालण्यासाठी आपण मोर्चा काढला पाहिजे.